नाव एकच, कार्डे निराळी

लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात एखाद्या ग्राफिक्स कार्डाचे नाव सांगावे आणि काउंटरवर त्याच नावाची चार-पाच खोकी येऊन पडावीत, हे नेहमीचेच दृश्य. एकाला दोन पंखे, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला रंगीबेरंगी दिवे. आणि किमतींत हजारांचा फरक. कार्ड एकच, तर हे जास्तीचे पैसे नेमके कशाचे, हा प्रश्न ग्राहकाला पडणे साहजिकच आहे.

याचे मूळ या धंद्याच्या रचनेत आहे. एनव्हिडिया आणि एएमडी या कंपन्या ग्राफिक्स चिपचा आराखडा तयार करतात. ती चिप सर्किट बोर्डावर बसवून, तिला हीटसिंक व पंखे जोडून विकण्याचे काम मुख्यतः आसुस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक, सफायर यांसारख्या कंपन्या करतात. खोक्यावर ‘ओसी’ असे लिहिलेले असेल, तर चिपचा वेग कारखान्यातच थोडा वाढवलेला असतो. ही वाढ बहुधा काही टक्क्यांचीच असते आणि गेम खेळताना ती सहसा जाणवतही नाही. महागड्या आवृत्तीत प्रत्यक्ष पदरात पडतो तो मुख्यतः थंडावा आणि पंख्यांचा कमी आवाज. मे महिन्याच्या उकाड्यात तासन्‌तास काम करणाऱ्याला त्याचे मोल असेलही. दिव्यांचे मात्र नाही. तीन पंख्यांचे लांबलचक कार्ड आपल्या कॅबिनेटमध्ये मावेल का, हे घरून मोजून निघालेलेच बरे.

खरी फसगत होते ती मेमरीच्या बाबतीत. ‘जीटी १०३०’ हे स्वस्तातले कार्ड २०१७ मध्ये जीडीडीआर५ मेमरीसह आले. पुढच्याच वर्षी त्याच नावाने डीडीआर४ मेमरीची आवृत्ती बाजारात उतरली. दोन्हींत मेमरी २ जीबीच, चिपमधील गणनकेंद्रेही ३८४च. परंतु पहिल्या कार्डात चिप व मेमरी यांच्यात सेकंदाला ४८ जीबी माहितीची देवाणघेवाण होते, तर दुसऱ्यात सुमारे १७ जीबीचीच. परिणामी अनेक गेममध्ये दुसऱ्याचा वेग जवळपास निम्म्यावर येतो. काटकसर करून जुन्या संगणकाला थोडी उभारी देऊ पाहणाऱ्यालाच याचा फटका बसला, ही त्यातली अधिक खेदाची बाब.

‘आरटीएक्स ३०६०’ची गत काहीशी अशीच. २०२१ मधील १२ जीबीच्या कार्डात मेमरीकडे जाणारा मार्ग १९२ बिट रुंदीचा होता. नंतर आलेल्या ८ जीबीच्या आवृत्तीत तो १२८ बिटांचा झाला, म्हणजे मेमरी घटलीच, शिवाय वाहतूकही एक तृतीयांशाने मंदावली. २०१६ च्या ‘जीटीएक्स १०६०’मध्ये तर ३ जीबीच्या कार्डाला ६ जीबीच्या कार्डापेक्षा गणनकेंद्रेही कमी होती: १२८० ऐवजी ११५२. मेमरीचा आकडा बदलला की चिपही बदलू शकते, हे नावावरून कोणाला कळणार?

२०२२ मध्ये मात्र ग्राहकांनी हे चालू दिले नाही. ‘आरटीएक्स ४०८०’ या एकाच नावाखाली १६ व १२ जीबीची, पण वेगवेगळ्या चिपची दोन कार्डे जाहीर होताच टीकेची झोड उठली. एनव्हिडियाने १२ जीबीचे कार्ड मागे घेतले आणि जानेवारी २०२३ मध्ये ते ‘४०७० टीआय’ या नावाने आणले.

अर्थात मेमरीचा मोठा आकडा म्हणजे वेगवान कार्ड, असेही नव्हे. २०२३ मधील ‘४०६० टीआय’च्या ८ व १६ जीबीच्या आवृत्त्यांत चिप तीच आणि मार्गही तोच, १२८ बिटांचा. अमेरिकेतील जाहीर किमतींत फरक होता १०० डॉलरचा. ज्या कामाला ८ जीबी पुरतात, तेथे दोन्ही सारखीच धावतात. मेमरी भरली, की मात्र लहान कार्ड अडखळू लागते. नव्या गेममध्ये उच्च दर्जाची दृश्ये हवी असणाऱ्याने, किंवा घरच्या संगणकावर एआयची प्रारूपे चालवू पाहणाऱ्याने दिवे आणि तिसऱ्या पंख्याचे पैसे वाचवून ते येथे घालावेत.

खरेदीच्या वेळी केवळ नावावर न थांबता पूर्ण मॉडेल क्रमांक, मेमरीचा प्रकार आणि मार्गाची रुंदी कंपनीच्या संकेतस्थळावर पडताळून पाहावी, आणि मॉडेल क्रमांक बिलावर लिहून घ्यावा. कार्ड बसवल्यावर ‘जीपीयू-झेड’ हा मोफत प्रोग्राम चालवला, तर या गोष्टी पडद्यावर दिसतात. तोवर खोके फेकून देऊ नये.