डोंगरी सायकलीचा शॉकअप चिमटा : घेण्याआधी माप आणि हिशेब

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत आजकाल गिअरच्या सायकली बऱ्याच दिसतात. कॉलेजची मुले, एमआयडीसीत कामाला जाणारे तरुण, रविवारी पाचाड किंवा शिवथरघळीकडे जाणारे हौशी लोक या सायकली वापरतात. यापैकी बहुतेक सायकलींना पुढे स्प्रिंगचा चिमटा असतो. आपल्याकडे त्याला शॉकअप म्हणतात. वर्ष-दोन वर्षांत हा चिमटा खडखडू लागतो किंवा गंजून जाम होतो. मग मुलगा घरी सांगतो, चांगला शॉकअप बसवून द्या. बाप दुकानात जातो आणि तिथे भाव ऐकून गोंधळून जातो. दोन चिमटे दिसायला सारखे असतात, पण एकाची किंमत दुसऱ्याच्या चौपट असते. हा फरक कशाचा, आपल्या सायकलीला कोणता चिमटा बसेल आणि मुळात तो बदलावा की नाही, याचा विचार या लेखात करू. सायकल दुकानदार आणि मिस्त्री बांधवांसाठीही यात काही कामाच्या गोष्टी आहेत.

ही चीज आली कुठून

मोटारसायकलीला पुढे शॉक असतात हे सर्वांना ठाऊक आहे. सायकलीवर ती कल्पना उशिरा आली. अमेरिकेत १९८९ च्या सुमारास पॉल टर्नर या गृहस्थाने रॉकशॉक्स नावाने डोंगरी सायकलीचे शॉकअप चिमटे बनवायला सुरुवात केली. १९९० साली कोलोरॅडो राज्यातील डुरँगो येथे डोंगरी सायकलींची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. त्यानंतर हा माल जगभर पसरला. आज या धंद्यात रॉकशॉक्स, फॉक्स आणि तैवानची एसआर सनटूर ही नावे मोठी आहेत. आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या सायकलींवर सनटूरचा किंवा त्याच नमुन्याचा साधा स्प्रिंगवाला चिमटा येतो. महाराष्ट्रातही हा खेळ आता परका नाही. संगमनेरच्या प्रणिता सोमनने डोंगरी सायकलिंगच्या राष्ट्रीय स्पर्धा गाजवल्या आहेत.

पहिला सवाल : बदलायचा कशासाठी

कपडा घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला आपण आधी विचारतो, रोजच्या वापराला की लग्नाला? इथेही तसेच आहे. सायकल कुठे चालणार, हे आधी ठरवा.

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर सुमारे ४० किलोमीटर. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १३०० मीटरहून अधिक उंच. म्हणजे जवळजवळ सगळा रस्ता चढाचा, पण तो डांबरी आहे. अशा चढावर पायडल मारताना स्प्रिंगवाला चिमटा दर दाबाला खालीवर होतो आणि पायांची ताकद वाया जाते. चिमट्याचे वजन वेगळेच. ज्याचा प्रवास मुख्यतः मुंबई-गोवा महामार्ग, आंबेनळी किंवा वरंधा घाट असाच आहे, त्याला भारी शॉकअपची गरज नाही. त्याने तो पैसा चांगल्या ब्रेकवर आणि चांगल्या टायरवर घालावा. उतारावर जीव ब्रेक वाचवतो, स्प्रिंग नव्हे. अशा माणसाला शॉक नसलेला साधा मजबूत चिमटाही पुरेसा होतो. तो हलका असतो आणि त्याला देखभाल जवळजवळ नाहीच.

ज्याला वाड्यावस्त्यांचे मुरूम-दगडाचे रस्ते, रायगडाच्या घेऱ्यातल्या पायवाटा किंवा पावसाने धुपलेल्या गाडीवाटा तुडवायच्या आहेत, त्याला चांगल्या चिमट्याचा खरा फायदा होतो. पुढचे चाक जमिनीला चिकटून राहते, हँडल हाताळता येते, मनगटे आणि खांदे दुखत नाहीत.

दुसरा हिशेब पैशाचा. चिमट्याची किंमत सायकलीच्या आजच्या बाजारभावाच्या निम्म्याच्या वर जात असेल तर थांबावे. स्वस्त फ्रेमवर महाग चिमटा म्हणजे जुन्या कुडत्याला जरीची कॉलर. तेवढ्या पैशात आणखी थोडी भर घालून वरच्या दर्जाची सायकलच घेणे शहाणपणाचे. जीएसटीची एक गोष्टही ध्यानात ठेवावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकली आणि त्यांचे सुटे भाग यांवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. बिल घेताना दर तपासा.

पाच मापे, जी चुकली तर पैसा बुडाला

चिमटा म्हणजे फ्री साइजचा कपडा नव्हे. पुढील पाच मापे कागदावर लिहून घेतल्याशिवाय दुकानात किंवा ऑनलाइन ऑर्डर देऊ नये.

१. चाकाचे माप : २६, २७.५ आणि २९ इंच अशी तीन चाके चालतात. टायरच्या कडेला मिलिमीटरमध्ये अनुक्रमे ५५९, ५८४ आणि ६२२ हे आकडे छापलेले असतात. चिमटा त्याच मापाचा घ्यावा.

२. दांड्याचे माप : चिमट्याचा जो दांडा फ्रेमच्या पुढच्या नळीतून वर हँडलपर्यंत जातो, त्याचे माप सर्वांत महत्त्वाचे. सध्या सरळ दांडा एक इंच आणि एक अष्टमांश, म्हणजे २८.६ मिलिमीटर जाडीचा असतो. दुसरा प्रकार वर तेवढाच आणि खाली दीड इंच जाड, असा निमुळता. निमुळता दांडा जुन्या बारीक नळीच्या फ्रेममध्ये जात नाही. सरळ दांडा निमुळत्या फ्रेममध्ये खालच्या वाटीला योग्य जोडरिंग लावून बसवता येतो. आपल्याकडच्या स्वस्त सायकलींत बऱ्याचदा आट्यांचा दांडा असतो, त्यावर नट असतो आणि हँडलची दांडी आत उतरते. नवे चांगले चिमटे बिनआट्यांचे येतात. मग हँडलचा स्टेम आणि छर्ऱ्यांच्या वाट्या दोन्ही बदलाव्या लागतात. हा खर्च आधीच धरावा.

३. दबण्याची लांबी : चिमटा किती मिलिमीटर दबतो ते माप. साध्या डोंगरी सायकलीला ८० किंवा १०० असते, खडतर वाटांसाठी १२० ते १४० असते. जास्त म्हणजे चांगले, असा समज आपल्याकडे आहे. तो बरोबर नाही. चिमटा २० मिलिमीटरने लांब झाला की सायकलीचे तोंड वर उचलले जाते आणि पुढच्या नळीचा कोन सुमारे एका अंशाने मागे झुकतो. चढावर पुढचे चाक हलके होऊन भरकटते. त्याहून वाईट म्हणजे फ्रेमच्या पुढच्या सांध्यावर जादा ताण येतो. फ्रेम बनवणाऱ्याने जेवढे माप सांगितले तेवढेच घ्यावे. कंपनीने परवानगी दिली असेल तरच २० मिलिमीटरची सूट घ्यावी, त्यापुढे नाही.

४. चाकाची धुरी : जुन्या पद्धतीत ९ मिलिमीटरची बारीक धुरी चिमट्याच्या खाचेत बसते. नव्या पद्धतीत १५ मिलिमीटरची जाड धुरी आरपार जाते. जाड धुरी जास्त घट्ट आणि सुरक्षित, पण तिला हब वेगळा लागतो. त्यातही हबची रुंदी १०० की ११० मिलिमीटर ते पाहावे लागते. हब बदलला की आरे नव्याने विणणे आले.

५. ब्रेकची जागा : डिस्क ब्रेक असेल तर चिमट्यावर कॅलिपर बसवायला योग्य ठिकाणी भोके हवीत आणि डिस्कचे माप जुळायला हवे. रबराचे ब्रेक असतील तर चिमट्यावर त्यांचे खुंट हवेत. नव्या चिमट्यांपैकी पुष्कळांना ते नसतात.

स्प्रिंग की हवा

स्प्रिंगचा चिमटा स्वस्त आणि साधा. वजन साधारण अडीच किलोच्या घरात. त्याचा दोष असा की स्प्रिंग एका ठराविक वजनाच्या माणसासाठी बनवलेली असते. पन्नास किलोच्या मुलाला ती कडक लागते, नव्वद किलोच्या माणसाखाली ती तळाला आपटते. वरची फिरकी फिरवून थोडा फरक पडतो, फार नाही.

हवेच्या चिमट्यात स्प्रिंगऐवजी दाबलेली हवा असते. वजन पावणेदोन ते दोन किलोपर्यंत येते. छोट्या खास पंपाने हवा कमी-जास्त करून तो आपल्या वजनाला बेतता येतो. एकच सायकल घरातले दोन भाऊ वापरत असतील तर याचा मोठा उपयोग. पण वायसर आणि सील खराब झाले की हवा उतरते. शिवाय त्याचा पंप साध्या सायकल पंपापेक्षा वेगळा असतो.

हवा किती भरावी हे कळण्याची युक्ती सोपी आहे. वरच्या चकचकीत नळीवर खालच्या नळीला लागून एक दोरा घट्ट बांधा. नेहमीच्या कपड्यांनिशी, नेहमीच्या पद्धतीने सायकलीवर बसा आणि हळूच उतरा. दोरा जेवढा वर सरकला तेवढा चिमटा तुमच्या वजनाने दबला. १०० मिलिमीटरच्या चिमट्यात २० ते २५ मिलिमीटर दाब योग्य. जास्त आला तर हवा भरा, कमी आला तर सोडा.

किमतीतला खरा फरक मात्र तेलाच्या कामाचा आहे. स्प्रिंग दबते तशीच ती उसळते. ती उसळी आवरण्यासाठी चांगल्या चिमट्याच्या एका पायात तेल आणि बारीक छिद्रांचा पिस्टन असतो. तेल छिद्रांतून हळू वाहते म्हणून चिमटा हळू परततो. अगदी स्वस्त मालात ही व्यवस्था नसते किंवा नावापुरती असते, आणि दगडावर आपटताच हँडल हातातून उसळते. दुकानात परीक्षा करा. हँडलवर छातीचा भार देऊन दाबा आणि झटकन सोडा. चिमटा टणकन वर आला तर पैसे खिशात ठेवा. संथपणे पण न रेंगाळता वर आला तर माल बरा. उसळी कमी-जास्त करण्याची खालची फिरकी आणि चढावर चिमटा बंद करण्याची वरची खटकी, या दोन सोयी असतील तर घाटवाल्यांसाठी उत्तम.

कोकणचा पाऊस आणि लाल माती

आपल्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. लोखंडी नळीवर क्रोमचा मुलामा असलेला स्वस्त चिमटा दोन पावसाळ्यांत गंजाचे ठिपके धरतो. ते ठिपके सील कापतात, मग आत पाणी आणि लाल माती जाते आणि चिमटा जाम होतो. म्हणून शक्य असेल तर ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा चिमटा घ्यावा. रोजच्या वापरानंतर ओल्या फडक्याने नळ्या पुसाव्यात. गाड्या धुण्याच्या दाबाच्या पाण्याचा फवारा सीलवर कधीही मारू नये. साधारण ५० तास चालवल्यानंतर खालच्या नळ्या उतरवून साफ कराव्यात आणि तेल बदलावे. पावसाळ्यात हे काम त्याहून लवकर करावे.

जुनी सायकल घेताना जास्त सावध राहा. जुलै २०२१ च्या महापुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली होती. पुरात बुडालेली सायकल बाहेरून रंगवली की नवी दिसते, पण चिमट्याच्या आत गाळ बसलेला असतो. सील सरकवून आत बोट फिरवा, बोटाला माती लागली तर भाव त्या हिशेबाने करा.

बसवताना

नव्या चिमट्याचा दांडा लांब येतो आणि कापावा लागतो. जुना दांडा शेजारी ठेवून दोनदा मापा आणि एकदाच कापा. कापड तोकडे झाले तर पट्टी जोडता येते, दांडा आखूड झाला तर जोड देता येत नाही. जोड दिलेला दांडा उतारावर तुटला तर काय होईल हे सांगायला नको. बसवताना वरच्या टोपीचा बोल्ट आधी आवळून छर्ऱ्यांतला ढिलेपणा काढायचा, मग स्टेमचे बाजूचे बोल्ट आवळायचे. हँडल धरून ठेवण्याचे काम बाजूचे बोल्ट करतात, वरची टोपी नव्हे. हा क्रम उलटा केला तर छर्रे ढिले राहतात आणि वाट्या झिजतात.

मिस्त्री बांधवांसाठी धंद्याची गोष्ट

आज या भागातला गिऱ्हाईक चांगल्या चिमट्याच्या दुरुस्तीसाठी पुण्या-मुंबईची वाट धरतो. जाण्यायेण्याचा खर्च, एक दिवसाची मजुरी आणि कामाचे पैसे, हे सगळे तालुक्याबाहेर जाते. वास्तविक हे काम मोटारसायकलीचे शॉक दुरुस्त करणाऱ्या कारागिराला अवघड नाही. शॉकचा पंप, सील बसवण्याचा ठोकळा, योग्य मापाच्या चाव्या, कंपनीने सांगितलेले तेल आणि दोन-चार मापांचे सील, एवढ्या भांडवलावर सुरुवात करता येते. मोठ्या कंपन्या आपल्या चिमट्यांची दुरुस्ती-पुस्तिका आकृत्यांसह मोफत देतात. नव्या पोराला वाचता येत असेल तर तो महिनाभरात शिकेल.

एक शर्त मात्र आहे. गिऱ्हाइकाला चिमट्याची गरज नसेल तर तसे स्पष्ट सांगावे, आणि नकली स्टिकर लावलेला माल अस्सल म्हणून विकू नये. कपड्याचा रंग उतरला तर गिऱ्हाईक फक्त तोंड फिरवतो. चिमट्यातली खोट आंबेनळीच्या वळणावर उघडी पडते, आणि तिथे कुणाचा तरी मुलगा सायकलीवर असतो.