आधी मंजुरी, मग खड्डा, मग पैसे

आपल्या होस्टेलमध्ये बऱ्याच जणांच्या घरी शेती आहे. सुट्टीत घरी गेलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "इंजिनिअरिंगला आहेस ना, मग एवढा ऑनलाइन फॉर्म भरून दे." माझ्या रूममेटच्या बाबांनी शेततळ्याची फाइल अशीच आम्हा दोघींपुढे ठेवली. मी पडले कॉन्व्हेंटची. सातबारावरचं 'पोटखराब' म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, हेही मला काकांनीच सांगितलं! पण फाइलमधलं गणित मात्र आपल्या ओळखीचं निघालं.

३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल असं तळं धरा. २७०० घनमीटर म्हणाल तर चुकलात. बाजू १:१ उताराच्या असतात, त्यामुळे तळाशी २४ बाय २४ च उरतं. सर्व्हेइंगचा प्रिझमॉइडल फॉर्म्युला लावा, उत्तर येतं २१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर. एका हेक्टरला ५ सेंटिमीटर पाणी द्यायला ५०० घनमीटर लागतात. बाष्पीभवन आणि पाझर वजा केला तरी दोन-तीन पाळ्या सहज निघतात. सोयाबीनच्या शेंगा भरताना पावसाने दडी मारली तर एका पाळीवर अख्खं पीक वाचतं. अर्थात जमीन काळी, पाणी धरणारी हवी. मुरमाड असेल तर प्लास्टिक अंथरावे लागते आणि तो खर्च वेगळा.

राज्यात २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, तेव्हा कमाल अनुदान ५० हजार होते. २०२२ मध्ये वैयक्तिक शेततळे मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत घेतले गेले आणि मर्यादा ७५ हजारांवर गेली. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा. पूर्वी तिथे लॉटरी निघायची. २०२५ पासून मात्र जो आधी अर्ज करेल त्याला आधी, अशी पद्धत आहे, आणि शेतकरी ओळख क्रमांकही लागतो.

खरी गोम क्रमात आहे. निवड झाल्याचा एसएमएस येतो, मग ठरलेल्या मुदतीत कागदपत्रं अपलोड करायची. फॉर्ममध्ये पुतण्याचा नंबर दिला असेल आणि त्याने सिम बदललं असेल तर मेसेज कुणाला कळणार? सातबारावर भावांची नावं सामाईक असतील तर त्यांचं संमतिपत्र लागतं. आधारवर 'ज्ञानेश्वर' आणि बँकेत 'ज्ञानोबा' असेल तर तेही आधी निस्तरावे लागते, कारण पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मंजुरीआधी खणलेल्या तळ्याला अनुदान नाही. जागेची आखणी कृषी सहायक करून देतात (२०२५ मध्ये त्यांचं पदनाम सहायक कृषी अधिकारी झालं, गावात अजून जुनंच नाव चालतं). मगच मशीन बोलवायचं.

ठिबकचंही तसंच. केंद्राच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान आहे. राज्य त्यात भर घालून ते अनुक्रमे ८० आणि ७५ टक्क्यांवर नेते. मात्र ही टक्केवारी सरकारने ठरवलेल्या खर्चावर मोजतात, दुकानदाराच्या बिलावर नाही! इथेही आधी पूर्वसंमती, मग खरेदी आणि जीएसटीचं पक्कं बिल.

मला सगळ्यात खटकतं ते पैशाचं वेळापत्रक. जेसीबीवाला संध्याकाळी रोख मागतो. अनुदान येणार काम पूर्ण होऊन मोजमाप झाल्यावर. मधल्या काळात ज्याच्याकडे पैसे आहेत किंवा ज्याला उधार मिळतं तोच तळं खणू शकतो. दीड-दोन एकरवाला यादीत नाव येऊनही मागे फिरतो, तो इथेच. फॉर्म कितीही अचूक भरला तरी हे सुटत नाही. म्हणून काकांच्या बाबतीत आम्ही अर्जाच्या आधी एक कागद घेतला, मशीनचे तास मांडले आणि ओळखीच्या जेसीबीवाल्याला निम्मे पैसे नंतर चालतील का, ते विचारलं. तो "दिवाळीपर्यंत थांबतो" म्हणाला, तेव्हाच 'सबमिट' दाबलं.