टाकी सांधायची की बदलायची?

जुलै महिना आणि कोल्हापूरचा पाऊस. कॉमन रूममध्ये सकाळी पाणी दिसलं तेव्हा सगळ्यांनी नेहमीप्रमाणे स्लॅबला शिव्या घातल्या, खाली बादली ठेवली आणि लेक्चरला गेलो. संध्याकाळी बघतो तर बादली कोरडी आणि फरशी ओली! मेसचे मामा खाली वाकले, बोट बुडवून वास घेतला आणि म्हणाले, "अरं पोरांनो, हे पावसाचं न्हाई. ह्येला माशांचा वास येतोय."

गळत होती ती आपली माशांची टाकी. कुठल्या तरी जुन्या बॅचने होस्टेलला दिलेली. तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच, आत सहा गोल्डफिश. बॅचेस येतात आणि जातात, पण माशांना रोज खायला घालतात ते मामाच.

मग काय, इंजिनिअरिंगचं होस्टेल! प्रत्येकाकडे सोल्युशन तयार. एक म्हणाला एम-सील लाव, दुसरा म्हणाला फेविक्विक, तिसरा म्हणाला वर्गणी काढू आणि नवीनच आणू. मी जास्त शहाणा. हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची ट्यूब आणली आणि पाणी न काढताच बाहेरून जोडावर फासली. दोन दिवस टाकी कोरडी राहिली आणि माझी कॉलर ताठ झाली. तिसऱ्या दिवशी पहाटे मामा अनवाणी कॉमन रूममध्ये आले आणि त्यांच्या पायाला झिणझिण्या आल्या. पाणी जमिनीवरच्या एक्स्टेन्शन बोर्डपर्यंत पोचलं होतं. मामा पटकन मागे सरले म्हणून निभावलं. त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्यासाठी माशांचा राहिला नाही. म्हणून हा लेख. चूक माझी, निदान शिक्षण तरी सगळ्यांचं होऊ दे!

आधी थोडे आकडे

आपल्या टाकीत ४० सेंटिमीटर उंच पाणी असतं, म्हणजे साधारण १०८ लिटर. काचेचं वजन धरलं तर सव्वाशे किलो, आणि खडे वेगळेच. पण खरी गंमत समोरच्या काचेची आहे. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढत जातो, हे आपण फ्लुइड मेकॅनिक्समध्ये पास होण्यापुरतं शिकलो. तोच फॉर्म्युला इथे लावला की ९० सेंटिमीटरच्या काचेवर एकूण जोर येतो सुमारे ७०० न्यूटन, म्हणजे ७२ किलो. एक धडधाकट माणूस त्या काचेला आतून रात्रंदिवस रेटतोय असं समजा.

हा जोर उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पाणी ४० वरून ३० सेंटिमीटरवर आणलं तर ७२ किलोचे ४० किलो होतात. म्हणून टाकी गळताना दिसली की पहिलं काम सिलिकॉन शोधण्याचं नाही. आधी मेन स्विच बंद करायचा आणि मग पाण्याची पातळी उतरवायची. मी नेमकं ह्याच्या उलट केलं.

दुखणं कुठलं ते ओळखा

ताप आला की डॉक्टर आधी कशाचा ताप ते बघतो. तसंच इथे. टाकीची दुखणी मुख्यतः तीन.

पहिलं, सांध्यातली गळती. काच शाबूत आहे, पण दोन काचांमधलं सिलिकॉन सुटलंय किंवा कडक झालंय. हे दुरुस्त होतं, आणि नीट केलं तर पुढे कित्येक वर्षं टिकतं.

दुसरं, ओरखडा किंवा कडेचा टवका. बारीक ओरखडा दिसायला वाईट, पण बहुधा निरुपद्रवी. नख अडकतं इतका खोल असेल किंवा टवका पाण्याखालच्या कडेला असेल, तर मात्र त्याला तिसऱ्या प्रकारात धरलेलं बरं.

तिसरं, तडा. इथे दया-माया नाही. तडा गेलेली काच सांधता येत नाही, ती काच बदलावीच लागते.

"कारची काच भरून मिळते, मग ही का नाही?" हे मला रूम पार्टनरने विचारलं, आणि प्रश्न चांगला आहे. कारची पुढची काच म्हणजे दोन काचा आणि मधे प्लॅस्टिकचा थर असं सँडविच असतं. बाहेरच्या काचेतला छोटा खड्डा रेझिनने भरता येतो, कारण बाकीचं सँडविच ती काच धरून ठेवतं. टाकीची काच एकच, साधी, आणि मागे ७२ किलो.

तडा एवढा धोकादायक का, ह्याचं उत्तर ग्रिफिथ नावाच्या इंग्लिश इंजिनिअरने १९२० च्या सुमारास दिलं. काच हिशोबाने जेवढी मजबूत असायला हवी त्यापेक्षा प्रत्यक्षात खूप कमी जोरात का फुटते, असा त्याचा प्रश्न होता. उत्तर असं की काचेत बारीक तडे आधीपासूनच असतात आणि सगळा ताण तड्याच्या टोकाशी गोळा होतो. स्टीलमध्ये असं झालं तर धातू तिथे थोडा दबतो आणि ताण वाटला जातो. काच दबत नाही. तडा जितका लांब, तितका तो पुढे सरकायला जोर कमी लागतो. त्यात भर म्हणजे पाणी. तड्याच्या टोकाशी सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे ताणलेले बंध पाण्याच्या रेणूंनी सावकाश तुटतात. म्हणजे आज जैसे थे दिसणारा तडा महिन्याभराने, कोणी हातही न लावता, रात्री दोन वाजता पूर्ण उघडू शकतो. "इतके दिवस काही झालं नाही" हा पुरावा काचेच्या बाबतीत चालत नाही.

सिलिकॉन मारायचं तर असं

माझी चूक इथे होती. बाहेरून मारलेल्या सिलिकॉनला पाणी आतून ढकलून सुटं करतं. ते आतून मारलं तर तोच दाब त्याला काचेवर दाबून धरतो. दुसरं म्हणजे नवं सिलिकॉन जुन्या सिलिकॉनला नीट चिकटत नाही, ते स्वच्छ काचेलाच चिकटतं. म्हणून टाकी पूर्ण रिकामी करायची आणि आतल्या कोपऱ्यातलं जुनं सिलिकॉन ब्लेडने खरवडायचं. फक्त गळक्या जागेचं खरवडून भागत नाही, आतले सगळे सांधे सोलायचे, म्हणजे नव्या-जुन्याचा जोडच राहत नाही. मग स्पिरिटने पुसून पूर्ण वाळवायचं.

ट्यूब घेताना बुरशीनाशक घातलेलं बाथरूमचं सिलिकॉन घेऊ नका, ते माशांना विषारी. साधं, व्हिनेगरसारखा वास येणारं घ्या. तो वास ॲसेटिक ॲसिडचा. सिलिकॉन हवेतला दमटपणा शोषून घट्ट होतं आणि होताना हे ॲसिड सोडतं. वास पूर्ण जाईपर्यंत थांबायचं, म्हणजे निदान आठवडाभर. मग खाली वर्तमानपत्र पसरून टाकी भरायची आणि दोन दिवस बघायची. कागद कोरडा तर पास. ट्यूब दोन-अडीचशे रुपयांची, बाकी सगळा खर्च धीराचा.

तेवढे दिवस मासे कुठे? मोठ्या प्लॅस्टिकच्या टबात, त्याच टाकीच्या पाण्यात, एअर पंप लावून. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवू नका आणि वाळू देऊ नका. माशांच्या शरीरातून, मुख्यतः कल्ल्यांतून, बाहेर पडणारा अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया त्या स्पंजमध्येच राहतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते मरतात. अशा वेळी नवी कोरी चकचकीत टाकी आणूनही मासे दगावतात, आणि आपण दुकानदाराला दोष देतो.

मोठ्यांच्या घरचं पण तेच

मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेच्या ट्रिपमध्ये बघितलं असेल. ते १९५१ साली सुरू झालं. नूतनीकरण करून २०१५ मध्ये पुन्हा उघडलं, तेव्हा आत बारा फुटी ॲक्रिलिकचा बोगदा आला होता. २०२० मध्ये ते कोविडमुळे बंद झालं आणि नंतर इमारतच धोकादायक ठरली. म्हणजे टाक्या नव्या, पण ज्याच्यावर उभ्या होत्या ते जुनं.

बर्लिनमध्ये एका हॉटेलच्या लॉबीत उभा सिलिंडरसारखा भव्य मत्स्यालय होता, दहा लाख लिटर पाण्याचा. त्याचंही नूतनीकरण झालं होतं. १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे तो फुटला आणि सुमारे १५०० माशांपैकी बहुतेक सगळे मेले. पहाट होती म्हणून लॉबीत गर्दी नव्हती, दोनच माणसं जखमी झाली. तज्ज्ञांनी नंतर तीन शक्यता सांगितल्या: चिकटवलेला सांधा सुटला, किंवा नूतनीकरणात तळाशी पडलेली खाच, किंवा रिकामा असताना ॲक्रिलिक फार दिवस कोरडं राहिलं. ठाम कारण त्यांनाही सांगता आलं नाही. दुरुस्तीतूनही नवं दुखणं येऊ शकतं, एवढं ह्यातून आपण घ्यायचं.

मग आम्ही काय केलं?

मामांचं मत पहिल्यापासून दुरुस्तीचं. "चांगली वस्तू टाकायची नसती." कोल्हापुरात हे कोणाला पटणार नाही? उद्यमनगरात मोडलेलं काहीही घेऊन जा, परत चालू होऊन येतं. मलाही पटत होतं. म्हणून ह्या वेळी टाकी नीट रिकामी केली, खडे काढले. आणि खड्यांखाली, मागच्या कोपऱ्यात, तळाच्या काचेला चार सेंटिमीटरचा तडा सापडला. गळती सांध्यातून होतीच, पण दुखणी दोन होती आणि मी एकावरच मलम लावलं होतं.

तळाची काच बदलायची म्हणजे चारही बाजूंच्या काचा सोडवाव्या लागतात. म्हणजे दुरुस्ती हे नाव, काम सगळं नव्या टाकीचंच. त्यात जुनी काच ५ एमएमची. काचेतला ताण जाडीच्या वर्गाने कमी होतो, म्हणजे ८ एमएम घेतली तर तो ४० टक्क्यांवर येतो. हा हिशोब कागदावर मांडून मामांना दाखवला. त्यांनी कागद बघितला नाही. तड्यावरून नख फिरवलं आणि म्हणाले, "पोरा, आण नवी."

पण नवी आणण्याआधी एक काम केलं, आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: तळ मुळात तडकला का, ते शोधलं. वर्कशॉपमधून लेव्हल आणून स्टँडवर ठेवली. एक पाय चार मिलिमीटरने खाली होता आणि थर्माकोल एका कोपऱ्यात पार चुरा झालेला. तशीच नवी टाकी ठेवली असती तर तीही गेली असती. रेक्टर सरांच्या परवानगीने पायाखाली पत्र्याची चकती वेल्ड करून घेतली, नवा थर्माकोल टाकला आणि बोर्ड जमिनीवरून उचलून भिंतीवर टाकीपेक्षा उंच लावला. वायर आता आधी खाली झोका घेऊन मग वर जाते, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी खालीच पडतं, सॉकेटमध्ये शिरत नाही.

जुन्या टाकीत आता पाणी नाही. तिच्यात गॅदरिंगच्या ट्रॉफ्या ठेवल्यात. मासे सहाचे पाच झाले. एक टबात असतानाच गेला, त्याचा हिशोब माझ्या नावावर.

पुढच्या बॅचला एकच विनंती. स्टँडच्या डाव्या पायावर मार्करने टाकी भरल्याची तारीख लिहिली आहे. दर जूनमध्ये कॉलेज उघडलं की एका कोपऱ्यातले खडे बाजूला करून तळ बघा, लेव्हल लावा, आणि त्याखाली नवी तारीख लिहा. पाच मिनिटांचं काम आहे. आणि फरशी ओली दिसली तर स्लॅबला शिव्या घालण्याआधी मामांना विचारा!