दवाखान्यात जाताना गोळ्यांची पिशवी सोबत घ्या

गटाच्या बैठकीत आपण आधी पासबुक बघतो, मग खातेवही, मग पेटीतली रोकड. तिन्ही जुळलं तरच सही. मोठ्या रुग्णालयात औषधांचा असाच ताळा जुळवणारा एक माणूस असतो. त्याला म्हणतात क्लिनिकल फार्मासिस्ट.

मेडिकलमधला फार्मासिस्ट आपल्या ओळखीचा. हा मात्र काउंटरमागे नसतो, वॉर्डात खाटेपाशी येतो. भारतात यासाठीचा फार्म.डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम २००८ साली सुरू झाला. म्हणजे काम तसं नवीनच.

तो करतो काय? समजा, साठीच्या एक काकू चक्कर येऊन पडल्या आणि भरती झाल्या. डॉक्टरांनी विचारलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत? सुनेनं सांगितलं, शुगरची आणि बीपीची. केसपेपरवर तेवढंच लिहिलं गेलं. फार्मासिस्ट आला आणि म्हणाला, घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या.

पिशवी आली. तिच्यात शुगरच्या गोळ्यांची दोन पाकिटं, एक खासगी डॉक्टरांचं, एक सरकारी दवाखान्यातलं. वर मोठ्या अक्षरातली नावं वेगळी, पण खाली बारीक अक्षरात औषध एकच, ग्लिमेपिराईड. काकू दोन्ही घेत होत्या! डोस झाला दुप्पट. साखर एकदम खाली गेली की घाम, थरथर, चक्कर, आणि वेळेत कळलं नाही तर जीवावर बेततं.

पिशवीच्या तळाशी आणखी एक पाकीट होतं. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या. हे कुणी सांगितलंच नव्हतं, कारण दुखण्याच्या गोळीला आपण औषध धरतच नाही. पण बीपीच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारी गोळी आणि अशी दुखण्याची गोळी एकत्र आल्या की किडनीवर ताण येतो. किडनी मंदावली की शुगरच्या गोळीचा असर अंगात जास्त वेळ राहतो, साखर आणखी उतरते. फार्मासिस्ट रक्ताचा रिपोर्ट बघतो, हे सगळं जोडतो आणि डॉक्टरांना सांगतो. गोळी बंद करायची की बदलायची, ते डॉक्टर ठरवतात.

आणखी दोन गोष्टी खास आपल्या बायकांच्या. थायरॉईडची गोळी आणि लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी एकदम घेतली तर थायरॉईडची गोळी नीट लागू पडत नाही, मधे चार तास जाऊ द्यावे लागतात. दुसरी, टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन चालू असताना पाळणा लांबवायच्या गोळ्यांचा असर कमी होतो आणि दिवस राहू शकतात. पण टीबीची गोळी मनानं बंद करायची नाही. डॉक्टरांना किंवा सिस्टरला विचारून दुसरं साधन घ्यायचं. हा विषय सासूसमोर निघत नाही, म्हणून बाईनं एकटीनं विचारावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुम्ही म्हणाल, ताई, आपल्या ग्रामीण रुग्णालयात कुठला आलाय असा माणूस? खरंय. क्लिनिकल फार्मासिस्ट बहुतेक मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत भेटतात. आपल्याकडे औषधाच्या खिडकीत औषधनिर्माण अधिकारी असतात, गर्दी नसेल तेव्हा त्यांना पाकिटं दाखवा. पिशवी मात्र आपल्यालाच भरायची आहे. तिच्यात चालू गोळ्या पाकिटासकट, इंजेक्शनं, डोळ्यांचे थेंब, वैदूचा काढा, चूर्णसुद्धा. गोळी कापताना नाव आणि तारीख राहील अशी कापा. कोणत्या औषधानं पूर्वी अंगावर पुरळ उठलं होतं, तेही चिठ्ठीवर लिहून ठेवा.

आणि घरी सोडताना नवीन गोळ्या हातात पडल्या की लगेच उठू नका. जुनी पिशवी पुढे करा आणि एकेक पाकीट दाखवून विचारा, ही चालू ठेवायची की बंद? बंद सांगितलेल्या पाकिटावर तिथंच पेनानं फुली मारा.