कारखान्यांतील बालमजुरी : कायद्याची अंमलबजावणी आणि वयाच्या पुराव्याचा प्रश्न

प्रस्तावना

बालमजुरी प्रतिबंधक कायद्यांच्या अपयशाची चर्चा बहुधा दारिद्र्य, पालकांचे अज्ञान आणि शासकीय यंत्रणेची उदासीनता या तीन कारणांपाशी येऊन थांबते. ही कारणे खोटी नाहीत. परंतु मालकावर दाखल झालेला खटला न्यायालयात का टिकत नाही, याचा उलगडा त्यांतून होत नाही. यंत्रापाशी उभे असलेले मूल निरीक्षकाला डोळ्यांनी दिसत असते. तरीही ते कायद्याच्या अर्थाने 'बालक' आहे, हे सिद्ध करावे लागते. अंमलबजावणीच्या साखळीतील हा दुवा सर्वांत कच्चा राहिला आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये 1833 च्या कारखाने कायद्याने प्रथमच चार सरकारी निरीक्षक नेमले गेले आणि कापडगिरण्यांमध्ये नऊ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आली (रेशमाच्या गिरण्या तेवढ्या वगळल्या गेल्या). मात्र तेथे जन्माची नागरी नोंदणी सुरू झाली ती 1837 मध्ये. साहजिकच मुलाची उंची आणि दात पाहून डॉक्टरांनी वय ठरवावे, अशी वेळ आली.

भारतातील पहिला कारखाने कायदा 1881 चा. त्याने सात वर्षांखालील मुलांना कारखान्यात मनाई केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा घातली. 1891 मध्ये किमान वय नऊ, 1922 मध्ये बारा आणि 1948 मध्ये चौदा झाले. वयाची अट अशी वाढत गेली, पण वय दाखवणारा कागद कामगार कुटुंबांकडे क्वचितच असे. कोकणातून व घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत आलेल्या कुटुंबांत मुलाचे वय 'प्लेगच्या साली झाला' अशा खुणेनेच सांगितले जाई. वयाचे व शारीरिक पात्रतेचे प्रमाणपत्र देणारे वैद्यकीय अधिकारी हाच आधार उरला, आणि प्रमाणपत्र आले तसा त्याचा गैरवापरही आला. 1948 च्या कायद्याच्या कलम 98 मध्ये दुसऱ्याचे प्रमाणपत्र वापरण्याबद्दल शिक्षा होती. कलम 99 मध्ये एकाच दिवशी मुलाला दोन कारखान्यांत काम करू देणाऱ्या पालकाला दंड होता. एखाद्या कायद्यातील शिक्षेची कलमे वाचली म्हणजे त्या क्षेत्रात कोणत्या पळवाटा रुळल्या होत्या, हे वेगळे सांगावे लागत नाही.

सिद्धतेचा भार

याच कायद्यातील कलम 104 अभ्यासकांकडून काहीसे दुर्लक्षित राहिले. न्यायालयाला एखादी व्यक्ती सकृद्दर्शनी विहित वयाखालील वाटली, तर ती तशी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी या कलमाने आरोपीवर टाकली होती. कामावर ठेवणाराने वयाची खातरजमा केली पाहिजे, हे त्यामागील तत्त्व योग्यच होते.

बालकामगार (प्रतिबंध व नियमन) अधिनियम, 1986 ने वेगळी वाट धरली. कलम 10 नुसार, वयाचे प्रमाणपत्र उपलब्ध नसताना निरीक्षक व मालक यांच्यात वयाबद्दल वाद उद्भवल्यास निरीक्षकाने तो विहित वैद्यकीय प्राधिकाऱ्याकडे निर्णयासाठी पाठवावयाचा असतो, आणि कलम 16 नुसार त्या प्राधिकाऱ्याने दिलेला वयाचा दाखला निर्णायक पुरावा ठरतो. म्हणजे धावाधाव निरीक्षकाने करावयाची. दरम्यान ते मूल गावी पाठवले गेले, तर तपासणीच खुंटते. शिवाय हाडांच्या क्ष-किरण तपासणीवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन वर्षांची तफावत असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने जया माला प्रकरणात 1982 मध्येच नमूद केले आहे. तेरा वर्षांचे मूल या हिशेबाने पंधराचेही ठरू शकते.

सर्वोच्च न्यायालयाने शिवकाशीच्या आगपेटी व फटाका उद्योगासंदर्भातील एम. सी. मेहता खटल्यात 10 डिसेंबर 1996 रोजी प्रत्येक मुलामागे मालकाकडून 20,000 रुपये वसूल करून ते पुनर्वसन निधीत जमा करण्याचा आदेश दिला. निर्णय दूरगामी होता. परंतु वय सिद्ध झाल्याखेरीज ही वसुली कशी व्हावी?

2016 च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच व्यवसायांत बंदी घातली, गुन्हा दखलपात्र केला आणि धोकादायक कामांसाठी मर्यादा अठरा वर्षांवर नेली. अशा कामांपुरता तेरा की पंधरा हा वाद निरर्थक झाला, हा या दुरुस्तीचा फारसा न बोलला गेलेला लाभ होय.

कारखान्याची व्याख्या

वय सिद्ध झाले तरी जागा 'कारखाना' असावी लागते. 1881 मध्ये किमान शंभर कामगारांची अट होती. 1891 मध्ये ती पन्नासवर, 1922 मध्ये वीसवर आणि 1948 मध्ये, विजेचा वापर असल्यास, दहावर आली. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने, जी 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली, ती पुन्हा वीस केली. 1986 च्या कायद्याला ही संख्येची अट नाही. पण त्याने घरच्या माणसांच्या मदतीने चालणाऱ्या कार्यशाळा वगळल्या होत्या. विडी वळण्याचे काम परिशिष्टात होते, तरी सोलापुरात तेंदूपाने व तंबाखू घरी नेणाऱ्या आईशेजारी बसलेल्या मुलीला त्याचा उपयोग नव्हता.

जन्मनोंदणी

जन्म व मृत्यू नोंदणी कायद्यातील 2023 च्या दुरुस्तीनुसार 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी जन्मप्रमाणपत्र हाच शाळाप्रवेश, वाहनचालक परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, शासकीय नियुक्ती, पारपत्र आणि आधार यांकरिता जन्मतारखेचा पुरावा आहे. खासगी कारखान्यातील नेमणूक त्या यादीत नाही. इतर प्रयोजने ठरवण्याचा अधिकार मात्र केंद्र सरकारला आहे. या तारखेनंतर जन्मलेली पहिली मुले चौदा वर्षांची होतील ती 2037 च्या ऑक्टोबरमध्ये. तोवर, आणि त्या यादीत भर पडली नाही तर त्यानंतरही, कागद नसलेल्या मुलाचे वय वैद्यकीय दाखल्यावरच ठरत राहील.