पारव्याचा वाडा रंगमंचावर कसा आला

सिनेमाचं तिकीट मिळालं नाही आणि त्यातून मराठी रंगभूमीला एक मोठा नाटककार मिळाला, असं कुणी सांगितलं तर चटकन विश्वास बसणार नाही. पण महेश एलकुंचवारांच्या बाबतीत घडलं ते असंच. साठच्या दशकातलं नागपूर. सिनेमा हुकला म्हणून हा तरुण नाटकाला जाऊन बसला. नाटक होतं विजय तेंडुलकरांचं 'मी जिंकलो! मी हरलो!', दिग्दर्शन विजया मेहतांचं. त्या प्रयोगाने त्याला असं काही झपाटलं की दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तेच नाटक पाहायला हजर. पुढे वर्षभर मिळतील ती नाटकं वाचून काढली आणि मग स्वतः लिहायला घेतलं. १९६७ मध्ये त्यांची 'सुलतान' ही एकांकिका 'सत्यकथे'त छापून आली. ती विजयाबाईंच्या नजरेत भरली आणि ज्यांचं नाटक पाहून लेखणी उचलली, त्यांनीच या नव्या लेखकाला रंगमंचावर आणलं!

नाटककार बहुधा विंगेत घडतो. शेक्सपिअर नट होता. गोविंद बल्लाळ देवल किर्लोस्कर मंडळीत भूमिका करायचे, तालमी घ्यायचे. 'शारदा' त्याच हातांनी लिहिली. इंग्लंडचा हॅरॉल्ड पिंटर तर डेव्हिड बॅरन या नावाने फिरत्या नाटक कंपन्यांत कामं करत होता. १९५७ मध्ये त्याने पहिलं नाटक लिहिलं. नट म्हणून रोज दुसऱ्यांची वाक्यं बोलता बोलता कुठे थांबायचं, कुठे गप्प बसायचं याचा कान तयार होतो, हे पटण्यासारखं आहे. मग जो प्रेक्षकांतून उठून थेट लिहायला बसला, त्याचा कान कुठे तयार झाला?

माझं उत्तर आहे, पारव्यात. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातलं हे गाव. ९ ऑक्टोबर १९३९ रोजी तिथल्या एका जमीनदार घराण्यात एलकुंचवारांचा जन्म झाला. शिक्षणासाठी त्यांना अगदी लहान वयात यवतमाळला ठेवलं गेलं. घर आहे, पण आपण त्यात नाही. सुट्टीत गेलं की तेच घर जरा परक्यासारखं बघायचं. प्रेक्षकाची नजर आणखी वेगळी काय असते? पुढे नागपुरात त्यांनी इंग्रजीचं अध्यापन केलं, मुक्कामही तिथेच ठेवला. मराठी नाटकाची सगळी उलाढाल मुंबई-पुण्याकडे असताना त्यांनी विदर्भात बसून लिहिलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

१९८५ मध्ये 'वाडा चिरेबंदी' आलं. धरणगावकर देशपांड्यांचा वाडा, तात्याजी नुकतेच गेलेले, सगळे दिवसकार्यासाठी जमलेले. खरं तर एवढंच कथानक. गावजेवण घालायचं की नाही, घातलं तर पैसा कुठून आणायचा, यावरून घराचे चिरे एकेक करून हलायला लागतात. अंगणात ट्रॅक्टर गंजत पडलाय. शिक्षण राहून गेलेली प्रभा, घरातल्या गड्यासारखा राबणारा चंदू, मुंबईहून आलेला सुधीर आणि त्याची कोकणस्थ बायको अंजली. त्यात एक प्रसंग असा आहे की तो वाचतानाही मी थांबतो. रात्रीची वेळ. थोरला मुलगा भास्कर घराण्याच्या दागिन्यांचा डबा काढतो आणि त्याची बायको, घरातली वहिनी, एकेक दागिना अंगावर चढवते. घरात रोख पैसा नाही, बाहेर सुतक, आणि इथे ही बाई पिढ्यांचं सोनं लेवून उभी! क्षणभर वाड्याचं सगळं वैभव परत येतं, आणि ते किती पोकळ झालंय हेही त्याच क्षणी दिसतं. कुणी भाष्य करत नाही. पहिल्या प्रयोगांत विजयाबाईंनी नुसतं दिग्दर्शन केलं नाही, वहिनीही त्याच झाल्या होत्या. पुढे तेच सोनं घेऊन वहिनीची मुलगी रंजू शिकवणीच्या मास्तराबरोबर पळून जाते.

हे नाटक चालतं ते घटनांवर नाही, बोलण्यावर. विदर्भातल्या देशस्थ घरातली ती बोली, तिचे हेल, बोलता बोलता मध्येच तुटणं, आणि सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट कुणीच न बोलणं. पिंटरच्या नाटकांतल्या मौनाबद्दल जगभर लिहिलं गेलं. वाड्यातलं मौन निराळं आहे. ते वडीलधाऱ्यांपुढे तोंड न उघडण्याच्या सवयीतून येतं, म्हणून आपल्याला ते लगेच कळतं.

एलकुंचवारांनी त्या माणसांना तिथेच सोडलं नाही. 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' लिहून त्याच घराण्याची पुढची वर्षं त्यांनी दाखवली. शेवटच्या नाटकात तर गावच दुष्काळाने होरपळलेलं आहे. १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी 'आविष्कार'तर्फे तिन्ही नाटकं सलग सादर केली. एका कुटुंबासोबत प्रेक्षकांनी इतके तास बसावं, ही मराठी रंगभूमीवरची केवढी विलक्षण गोष्ट! 'युगान्त'ला २००२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

पिंटर नटाचा लेखक झाला. एलकुंचवार नाटकाकडून गद्याकडे वळले. त्यांचे ललितबंध 'मौनराग' या नावाने २०१२ मध्ये पुस्तकरूपात आले. त्यांत आई आहे, बालपण आहे, गावचं घर आहे. 'वाडा' ज्यांनी पाहिलाय किंवा वाचलाय, त्यांनी हे पुस्तक लगोलग हातात घ्यावं. नाटकात देशपांड्यांच्या तोंडी वाटून दिलेलं कितीतरी इथे लेखक स्वतःच्या आवाजात बोलतो.