'चेतक'चे कर्तेधर्ते राहुल बजाज

एकेकाळी या देशात स्कूटर विकत घेता येत नसे, तिची नोंदणी करता येई. मुलाच्या जन्मानंतर नोंदवलेली स्कूटर तो शाळेत जाऊ लागल्यावर हाती पडली, असे सांगणारी कुटुंबे महाराष्ट्रातही होती. ही प्रतीक्षा बहुतेक वेळा आकुर्डीच्या बजाज ऑटोच्या स्कूटरसाठी असे. त्या कंपनीचा कारभार सुमारे अर्धशतक ज्यांनी पाहिला ते राहुल बजाज १२ फेब्रुवारी २०२२ रोजी पुण्यात निवर्तले. पण ग्राहकांच्या या रांगेमागचे खरे कारण कारखान्यात नव्हते, दिल्लीत होते.

राहुल बजाज यांचा जन्म १० जून १९३८ रोजी कोलकात्यात झाला. गांधीजी ज्यांना आपला पाचवा पुत्र मानत ते जमनालाल बजाज त्यांचे आजोबा. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयात अर्थशास्त्र, मुंबईत कायदा आणि १९६४ मध्ये हार्वर्डची व्यवस्थापनाची पदवी, असे त्यांचे शिक्षण झाले. पुढच्याच वर्षी ते कंपनीत आले. १९६८ मध्ये बजाज आणि फिरोदिया कुटुंबांच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि तिशीतल्या राहुल यांच्याकडे मुख्य कार्यकारी अधिकारीपद आले. मलबार हिलवरच्या बंगल्यातून कारखाना चालवण्याऐवजी त्यांनी आकुर्डीच्या आवारातच, कामगार-अधिकाऱ्यांच्या वसाहतीत, बिऱ्हाड केले. पत्नी रूपा या माहेरच्या घोलप. मुले राजीव, संजीव आणि सुनयना तिथेच वाढली.

बजाज ऑटो तेव्हा इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्यावर व्हेस्पा बनवत असे. १९७१ मध्ये हा करार संपला आणि सरकारने त्याचे नूतनीकरण होऊ दिले नाही. परदेशी तंत्रज्ञान गेले, हाती राहिली ती दशकभर यंत्रांवर मुरलेली माणसे. १९७२ मध्ये स्वतःच्या नावाने स्कूटर आली. महाराणा प्रतापांच्या घोड्यावरून तिचे नाव पडले 'चेतक'. त्याच वर्षी वडील कमलनयन यांचे निधन झाले आणि राहुल व्यवस्थापकीय संचालक झाले.

मागणी अफाट होती, कारखाना वाढवण्याची ऐपतही होती. परंतु किती स्कूटर बनवायच्या हे परवान्यावर लिहिलेले असे. मंजूर आकड्यापेक्षा अधिक उत्पादन करणे हा गुन्हा ठरू शकत होता. त्यामुळे मिळालेली स्कूटर दुसऱ्याच दिवशी अधिक किमतीला विकणाऱ्यांचा एक वर्ग उदयाला आला. तो नफा ना कारखान्याला मिळाला, ना सरकारला. तुरुंगात जावे लागले तरी चालेल, पण उत्पादन वाढवू, अशी भाषा राहुल बजाज जाहीरपणे करत. उद्योगपतीच्या तोंडी तेव्हा ती दुर्मीळच होती. ऐंशीच्या दशकात बंधने सैल झाली, १९८५ मध्ये औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर) वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि रांग हळूहळू ओसरली. १९८९ ची 'हमारा बजाज' ही जाहिरात त्या भरभराटीची खूण होय.

१९९१ नंतर चित्र पालटले. १९९३ मध्ये काही उद्योगपतींनी मुंबईत एकत्र येऊन परदेशी कंपन्यांशी स्पर्धेसाठी समान संधी मागितली. त्यांना 'बॉम्बे क्लब' हे नाव चिकटले आणि बजाज त्याचा चेहरा ठरले. आपला विरोध उदारीकरणाला नाही, घाईला आहे, असे ते सांगत राहिले. महागडे भांडवल, वीज आणि रस्ते यांचे ओझे वाहणाऱ्या कारखानदाराचे हे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. मात्र वर्षानुवर्षे रांगेत उभ्या राहिलेल्या ग्राहकाला त्याचे सोयरसुतक असण्याचे कारण नव्हते.

खरा धक्का ग्राहकांनीच दिला. त्यांनी स्कूटर सोडून मोटारसायकल पसंत केली आणि हीरो होंडा पुढे निघून गेली. उत्तर आले ते २००१ मध्ये, 'पल्सर'च्या रूपाने. ही मोटारसायकल कंपनीच्याच अभियंत्यांनी घडवली होती आणि तिच्यामागे थोरले चिरंजीव राजीव यांचा आग्रह होता. याच राजीव यांनी २००९ मध्ये स्कूटर बनवणेच थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. वडिलांना तो रुचला नाही. आपल्याला वाईट वाटले, दुःख झाले, हे त्यांनी लपवलेही नाही. पण निर्णय मात्र त्यांनी फिरवला नाही. ज्या हुद्द्यावर मुलाला बसवले, त्या हुद्द्याचा अधिकारही त्यालाच दिला.

स्पष्टवक्तेपणा त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. २००१ मध्ये पद्मभूषण मिळाले, २००६ ते २०१० या काळात ते महाराष्ट्रातून राज्यसभेवर अपक्ष सदस्य होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबईतील एका समारंभात, व्यासपीठावर गृहमंत्री अमित शहा असताना, सरकारवर टीका करण्याची उद्योजकांना भीती वाटते, असे त्यांनी उभे राहून सांगितले. त्या सभागृहात इतर उद्योगपती कमी नव्हते. एप्रिल २०२१ मध्ये त्यांनी कंपनीचे अध्यक्षपद सोडले.

दरम्यान २०१९ मध्येच 'चेतक' हे नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या रूपाने परतले होते. तिच्यासाठी उभारलेल्या नव्या कारखान्याचे उद्घाटन १० जून २०२२ रोजी, राहुल बजाज यांच्या जन्मदिनी, आकुर्डीलाच झाले.